ठेवीतलं घर

मुकादमाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची घरं हलवण्यात गेलं होतं. सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत तो हमाल म्हणून लागला, आणि याची पाठ चालते त्याहून डोकं जास्त चालतं हे मालकाच्या ध्यानात आल्यावर मुकादम झाला. तेव्हापासून त्याला नावानं हाक मारणारी एक आईच उरली होती, आणि तीही रागावली की मुकादमच म्हणायची. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की कुठलं कपाट दारातून उभं जाईल आणि कुठलं आडवं, हे तो चपला काढता काढता सांगायचा. सामान बांधताना बायका डोळे पुसायच्या, पुरुष उगाच सूचना द्यायचे, म्हातारी माणसं रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत उभी राहायची. मुकादम सगळ्यांना एकच सांगायचा, "घर म्हणजे काय हो, सामान. ते पोचलं की घर पोचलं."

तो स्वतः मात्र जन्मला त्याच घरात राहत होता. त्यामुळे हे वाक्य खरं की खोटं, ते तपासायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

मालकानं ती वेळ आणली. खूप लांबच्या एका शहरात कंपनीनं नवी शाखा काढली आणि मुकादमाला बोलावून सांगितलं, "तुझ्यासारखा भरवशाचा माणूस माझ्याकडं दुसरा नाही. तूच जा. सुरुवातीला गोदामावरच्या दोन खोल्यांत राहा. तात्पुरतं. तेवढ्यात मी चांगला फ्लॅट बघतो."

ही बातमी ऐकल्यावर मुकादमाची बायको म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा, असंही म्हणतात." ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. बारीक स्क्रू फिरवून फिरवून तिला सगळीच कामं शांतपणे करायची सवय लागली होती, बोलायचंही. मुलगी लग्न होऊन गेलेली. राहता राहिल्या सासूबाई. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, कमी ऐकू यायचं, आणि मुलगा परगावी साहेब म्हणून चाललाय असा त्यांचा समज झाला होता. तो कुणी मोडला नाही.

तिघं तीन पिशव्या घेऊन पोचले. घरचं सामान मागून येणार होतं. कंपनीचा नियमच होता की स्टाफचं सामान गिऱ्हाइकाच्या सामानानंतर. त्या बाजूला जाणाऱ्या ट्रकमध्ये जागा उरली तर चढवायचं. हा नियम मुकादमानंच कधीतरी घालून दिला होता आणि मालकानं त्याबद्दल त्याची पाठ थोपटली होती. आता त्याचंच कपाट, त्याचाच पलंग आणि त्याच्याच हातानं बांधलेली खोकी जुन्या गावच्या गोदामात जागेची वाट बघत पडली होती, आणि ट्रक काही केल्या रिकामे येत नव्हते. धंदा चांगला चालला होता.

गोदामाच्या बाजूनं एक लोखंडी जिना वर जायचा. वर दोन खोल्या, एक ओटा, एक खिडकी. खिडकीतून अंगण दिसायचं. तिथं दिवसभर ट्रक पाठीमागं घेतले जायचे आणि त्यांची पीं-पीं भिंतीतून आत यायची. खोल्या इतक्या रिकाम्या होत्या की बोललेलं घुमायचं. सासूबाईंना ते बरं वाटलं. कधी नव्हे ते त्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू येत होतं.

बायकोनं पहिल्याच आठवड्यात जवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काम मिळवलं आणि उरलेला वेळ घराला लावला. खाली रद्दीत पडलेली खोकी वर आणून त्यांची टेबलं केली. बबल रॅपच्या घड्या घालून सासूबाईंना अंथरूण केलं. त्या कूस बदलायच्या तेव्हा फटाफट आवाज यायचा आणि मुकादम दचकून उठायचा. सामानाला गुंडाळायची जाड घोंगडी धुऊन तिनं खिडकीला लावली. घोंगडीवर कंपनीचं नाव उलटं आलं, पण निम्मं ऊन अडलं.

"एवढं कशाला करतेस," मुकादम म्हणाला. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न."

"दोन-तीन महिने मी काय श्वास रोखून बसू?" ती म्हणाली. "अहो, खाली एवढं फर्निचर पडलंय. एक खुर्ची आणा. आईंना जमिनीवरून उठताना बघवत नाही."

मुकादम गंभीर झाला. गिऱ्हाइकाचं सामान म्हणजे ठेव. त्याच्यावर टेकायचंसुद्धा नाही, हा त्याचा शिरस्ता होता. जुन्या गावी दुपारच्या सुट्टीत गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर पाय पसरलेल्या एका हमालाला त्यानं त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. हे सगळं त्यानं बायकोला पुन्हा सांगितलं. तिनं ते पाठ झालेलं असूनही ऐकून घेतलं.

मग एके दिवशी सकाळी सासूबाईंना जमिनीवरून उठताच येईना. मुलगा एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये त्या. "राहू दे रे," त्या म्हणाल्या, "मी इथंच बरी आहे. तुझा फ्लॅट आला की मला आडवीच उचलून न्या. तुला सवय आहे."

मुकादम खाली गेला आणि एक खुर्ची घेऊन वर आला.

गोदामाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं सामान होतं. त्यांनी दवाखाना बंद केला होता, जुनं घर विकलं होतं आणि लेक या शहरात म्हणून इथं नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. फ्लॅट तयार नव्हता. बिल्डरनं तारीख एकदा पुढं ढकलली की ती किती पुढं जाते याचा मुकादमाला दांडगा अनुभव होता. तेव्हा ते सामान एवढ्यात हलत नव्हतं.

"फक्त खुर्ची," तो म्हणाला, "आणि फक्त आईसाठी."

पण खुर्चीला टेबल लागतं. उंच बसलेल्या माणसाला जमिनीवर ठेवलेलं ताट पोचत नाही. टेबल आणताना मुकादमानं सांगितलं की गोदामात खाली ओल आहे, लाकूड फुगेल, वर हवेशीर राहील. मग पलंग आला, कारण गादी गुंडाळून ठेवली की कापसाच्या गाठी होतात. गादी पसरली की तिच्यावर कुणी झोपणं गादीच्याच हिताचं असतं, हेही त्यानं पटवून दिलं. कपाट आलं ते बिजागऱ्या गंजू नयेत म्हणून. बायको प्रत्येक कारणाला मान डोलवत होती. वीस-बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिच्यासाठी फर्निचर आणायची इतकी कारणं शोधली नव्हती, तेव्हा ती मध्ये पडली नाही.

शेवटी सोफा आला. त्याला मुकादमाला कारण सापडेना. "जिन्यातून जातो का, ते बघितलं," तो एवढंच म्हणाला.

सामान वर आलं, आणि त्याच्याबरोबर नियमही आले. सोफ्यावर चादर घालून बसायचं. टेबलावर गरम भांडं ठेवायचं नाही. कपाट दोन्ही हातांनी उघडायचं. मुकादम स्वतः तर सोफ्यावर बसलाच नाही. तो त्याच्या शेजारी, जमिनीवर, पाठ न टेकता बसून चहा प्यायचा. पण संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचाच उभा दिवा लावला की खोली खरोखर घरासारखी दिसायची. आवाज घुमायचा थांबला. बायको दुकानातून दमून यायची, दार उघडायची आणि उंबऱ्यातच क्षणभर उभी राहायची. बरं वाटायचं. मग आठवायचं की यातलं आपलं काही नाही, आणि तरीही बरं वाटायचं थांबायचं नाही. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक खोलगट जागा होती. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथंच बसलं असणार. तिथं बसताना ती आधी मनातल्या मनात परवानगी मागायची.

सासूबाईंना असली अडचण नव्हती. हे कंपनीनं दिलंय, असं मुलानं त्यांना सांगितलं होतं. पण कंपनीनं दिलेलं म्हणजे उसनं, आणि उसन्यावर मिरवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळं फर्निचर मनातल्या मनात विकत घेऊन टाकलं होतं.

एका दुपारी दार वाजलं. मुकादम सामान पोचवायला गेला होता, बायको दुकानात होती. दारात साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. केस आखूड कापलेले, हातात छत्री. आपलं सामान खाली गोदामात आहे, त्यातून एक पांघरुणांचं खोकं हवंय, चौकीदारानं मुकादमांना वर भेटा म्हणून सांगितलं, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना त्यातलं 'सामान' आणि 'मुकादम' एवढं ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं.

"या, आत या. मुलगा येईलच. बसा. त्या कोपऱ्यात बसा, तिथं जरा खोलगट आहे, आरामशीर वाटतं."

बाई आत आल्या आणि खोलीच्या मधोमध थांबल्या. टेबल बघितलं, कपाट बघितलं, दिवा बघितला. मग सावकाश जाऊन त्या उजव्या कोपऱ्यात बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "खोलगट आहे."

"मुलगा बसून बसून झालाय तसा. दमून येतो ना."

"बराच जुना दिसतो सोफा."

"ह्याच्या लग्नातला," सासूबाई म्हणाल्या. "कापड सुनेनं निवडलं. मला रंग भडक वाटला होता. पण सुनेपुढं कोण बोलणार?"

"मलाही पहिल्यांदा भडकच वाटला होता," बाई म्हणाल्या. "मग सवय झाली."

सासूबाईंना हे नीट ऐकू आलं नाही, पण दुजोरा मिळालाय एवढं कळलं. त्यांनी चहा टाकला. डॉक्टरीणबाईंचं घर अजून तयार नाही, त्या लेक-जावयाकडं पाहुण्यांच्या खोलीत राहतात, हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "असं असतं बघा," त्या म्हणाल्या. "माणसाला स्वतःचं चार लाकडांचं तरी हवं. आम्ही इथं आलो ते सगळं घेऊनच आलो. मी मुलाला म्हटलं, फर्निचर सोडून मी येणार नाही."

बायको आली तेव्हा दोघी चहा पीत होत्या.

"ही सून," सासूबाई म्हणाल्या. "अगं, ह्या दातांच्या डॉक्टर आहेत. बिचाऱ्यांचं सगळं सामान खाली बांधून पडलंय."

बायकोच्या हातातली पिशवी खाली आली. तिनं डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, मग त्यांच्या हातातल्या कपाकडं. निळ्या काठाचे ते कप मागच्याच रविवारी त्यांच्याच खोक्यातून काढले होते. पाहुणे आले तर असावेत म्हणून.

"पाचच निघाले," ती कशीबशी म्हणाली.

"सहावा माझ्याच हातून फुटलाय. फार वर्षं झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "ते कपाट खिडकीसमोर ठेवू नका. ऊन लागून पॉलिश जातं. आतल्या भिंतीला लावा."

बायकोनं खिडकीकडं बघितलं. ती म्हणाली, "बरं."

मुकादम जिना चढून आला आणि दारातल्या अनोळखी चपला बघून थबकला. चोराच्या मनात चांदणं. आत डोकावला आणि सगळं समजला. त्याचा चेहरा उतरलेला बघून सासूबाईंना वाटलं, मुलगा उन्हातून आला. त्या पाणी आणायला उठल्या. तेवढ्यात तो पुढं येऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळपर्यंत सगळं खाली जसंच्या तसं बांधून ठेवतो. मालकांना मीच फोन करून सांगतो. तुम्ही सांगायची गरज नाही."

"खाली नेऊन काय करणार?"

"ठेवणार. तुमचं घर होईपर्यंत."

"म्हणजे मला माझ्या सोफ्यावर बसायचं झालं, तर खोक्यांच्या राशीवर चढावं लागेल."

मुकादमाला ही बोलणी की विचारणा ते कळेना. त्यानं मान खाली घातली. इतकी वर्षं लोकांना जे ऐकवलं त्यातलं एकही वाक्य या वेळी कामाला येत नव्हतं.

"लेकीकडं सगळे इतके चांगले वागतात माझ्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "की पाय पसरायची सोय नाही. मी शिंकले तरी जावई येऊन विचारतो. गेले कित्येक महिने मी नीट बसले नाहीये हो कुठं." त्यांनी चादरीची कड उचलून खालचं कापड बघितलं. "ही चादर काढा आधी. आणि मी जरा पडू का इथं? दहा मिनिटं."

त्या पडल्या आणि झोपल्या. मुकादम आणि त्याची बायको दिवेलागणीपर्यंत ओट्यापाशी उभे राहून कुजबुजत होते. सासूबाई पाहुणीवर पांघरूण घालून आल्या. "दमलीय बिचारी," त्या म्हणाल्या. "हक्काचं घर नसलं की असं होतं."

तेव्हापासून डॉक्टरीणबाई दर रविवारी येऊ लागल्या. लेकीला सांगायच्या, सामानाची पाहणी करायला जाते. आल्या की उजव्या कोपऱ्यात बसायच्या, पेपर वाचायच्या, एक डुलकी काढायच्या. मुकादमाला त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्याचंच त्याला ओझं झालं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. उलट त्यांनी त्याचे नियम एकेक करून मोडीत काढले. टेबलावर गरम भांडं ठेवा, आधीच डाग आहे. कपाट एका हातानं उघडा, दोन हातांनी ओढलं तर दार निखळतं. एकदा तर त्यांनी त्याला सोफ्यावर बसायलाच लावलं. तो कडेला इतका कमी बसला की सोफ्याला कळलंसुद्धा नसेल.

हळूहळू मात्र त्या पेपर वाचून थांबेनात. कपाट आतल्या भिंतीला गेलं. मग दिवा सोफ्यामागं गेला. मग टेबल असं नको, तसं. आमच्याकडं ते नेहमी तसंच असायचं. मुकादम निमूटपणे सामान हलवायचा. सुट्टीच्या दिवशीही तेच काम, फक्त आता एकाच खोलीत. सासूबाईंना हे खपेना.

"पाहुणीनं पाहुणीसारखं असावं," त्या सुनेला म्हणाल्या. "आज तिनं माझ्यासमोर माझं कपाट उघडलं. विचारलंसुद्धा नाही."

"असू द्या, आई. एकट्या आहेत."

"एकटी आहे म्हणूनच मी गप्प आहे. पण आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच."

हसू लपवायला बायकोनं डोळ्यावर पदर घेतला. सासूबाईंना वाटलं, सुनेला पाहुणीची दया आली.

खरं सांगायचं तर बायकोलाही आता थकवा आला होता. सुरुवातीला ती डॉक्टरीणबाईंपुढं ओशाळलेली असायची. मग त्यांच्याशी गप्पा मारायला लागली. मग रविवार जवळ आला की तिला आपोआप आवरासावर करावीशी वाटू लागली, जशी सासरी पहिल्या वर्षी वाटायची. एका रविवारी भांडी घासता घासता ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "घरात तीन बायका आहोत आणि एकीचंही घर नाही. आईंना वाटतं सामान त्यांचं आहे. तुमचं सामान आहे, तर खोल्या नाहीत. आणि माझं काय आहे, तर ती खिडकीतली घोंगडी."

"घोंगडी चांगली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढी एकच वस्तू मी हलवली नाही."

दोघी हसल्या. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाई लवकर गेल्या, आणि जाताना त्यांनी टेबल परत बायकोला हवं तसं लावायला सांगितलं. मुकादमानं ते हलवलं.

होता होता बिल्डरला लाज वाटली असावी. डॉक्टरीणबाईंचा फ्लॅट तयार झाला. आणि त्याच आठवड्यात जुन्या गावाहून येणाऱ्या एका ट्रकमध्ये एकदाची जागा उरली. मुकादमाचं सामान अंगणात उतरलं आणि तोच ट्रक डॉक्टरीणबाईंचं सामान घेऊन जायला उभा राहिला.

आईला आधी सांगायचं मुकादम विसरला होता. विसरला होता की त्याला विसरायचंच होतं, कोण जाणे. दोन हमाल सोफा उचलून जिन्याकडं निघाले आणि सासूबाई खुर्चीतून उभ्या राहिल्या.

"अरे, माझा सोफा कुठं चालवलाय?"

मुकादम थिजला. हमाल सोफा धरून तसेच उभे. खाली ट्रकपाशी डॉक्टरीणबाई छत्री घेऊन थांबल्या होत्या, त्या आवाज ऐकून जिना चढून आल्या.

"आई," मुकादम म्हणाला, "ते डॉक्टरीणबाईंना… त्यांच्या घरी चाललंय."

"त्यांना दिलंस?"

इकडं आड, तिकडं विहीर. मुकादमानं बायकोकडं बघितलं. बायको एकेक कप कागदात गुंडाळत होती. तिनं डोळे वर केले नाहीत.

"हो," तो म्हणाला.

"सगळंच?"

"सगळंच."

सासूबाई सोफ्यापाशी आल्या. सोफ्याच्या खोलगट कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला. मग डॉक्टरीणबाईंकडं वळल्या. एवढ्या रविवारांचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि त्याच्यावर मात करणारं दुसरंही काहीतरी होतं.

"न्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे. मला मुलगा आहे, सून आहे. तुम्ही एकट्या. फक्त नीट वापरा."

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं होतं. त्या दिवशी त्यांचं स्वतःचंच उघडं राहिलं. मग त्यांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "फार उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते कशाचं होतं ते त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. हमालांनी सोफा खाली नेला.

खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या. मग घरचं सामान वर आलं: एक पाय आखूड असलेला पलंग, रंग उडालेलं लोखंडी कपाट, वेताची खुर्ची आणि खोकी.

"हे जुनंपानं कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपलं, आई."

"आपलं असं होतं?" त्या म्हणाल्या, आणि वेताच्या खुर्चीत बसून बघितलं.

मुकादमाचा विचार खोकी तशीच ठेवायचा होता. फ्लॅट आता कधीही मिळेल. उघडलेलं खोकं पुन्हा बांधायचं म्हणजे दुप्पट काम, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी रिकाम्या खोलीत राहिले," बायको म्हणाली. "दुसऱ्याच्या सामानात राहिले. आता स्वतःच्या खोक्यांच्या मधल्या बोळातून चालणार नाही. तुम्हाला उघडायची नसतील तर बाजूला व्हा."

आवाज चढवला नव्हता, पण मुकादम बाजूला झाला. तिनं दुकानातला बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पहिल्या खोक्याची चिकटपट्टी सरळ रेषेत कापली. ती एकेक वस्तू काढायची, हातात धरून बघायची, ठेवायची, पुन्हा उचलून दुसरीकडं ठेवायची. मुकादम थोडा वेळ बघत उभा राहिला. सामान कुठं लावायचं ते लोक त्याला नेहमी सांगायचे. लावताना माणसाचा इतका वेळ का जातो, ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं, कारण तोवर तो पुढच्या घरी निघालेला असायचा. मग तो खाली बसला आणि पलंगाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. घट्ट बसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो पलंगाला टेकून बसला, पाठ टेकून.

काही दिवसांनी मालकाचा फोन आला. मुकादम उभा राहिला. उघडकीस आलं, असंच त्याला वाटलं.

"दातांच्या त्या डॉक्टरीणबाईंनी मला फोन केला होता," मालक म्हणाला. "काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, तुमच्या मुकादमानं माझं सामान स्वतःचं समजून सांभाळलं. असं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा बोलतं. मी ते वाक्य सगळ्या ट्रकांवर रंगवून घेतोय."

"मालक, त्याची काही गरज…"

"गरज आहे. आणि तुझा फ्लॅटही झालाय. तयार राहा."

मुकादमानं फोन ठेवून घरात सांगितलं. बायकोनं कपाटाकडं बघितलं. आदल्याच रात्री त्यात कागद घालून तिनं कपडे लावले होते. सासूबाई वेताच्या खुर्चीतून म्हणाल्या, "मी आता कुठं जाणार नाही. एकदा सगळं फर्निचर दान करून बसलेय. पुन्हा हलले तर ही खुर्चीसुद्धा जाईल."

म्हणून मुकादमानं मालकाला कळवलं की फ्लॅट नको, गोदामावरच बरं आहे. मालकाला गहिवरून आलं. गिऱ्हाइकाच्या ठेवीवर रात्रंदिवस नजर राहावी म्हणून हा माणूस फ्लॅट नाकारतो, असं त्यानं बाकीच्या शाखांत सांगितलं, आणि दुसऱ्या मुकादमांनी मनातल्या मनात याला काय म्हटलं असेल ते सांगायला नको. ट्रक रंगवून आले. 'तुमचं सामान आम्ही स्वतःचं समजतो.' अंगणात ट्रक मागं घेताना ती अक्षरं हळूहळू खिडकीकडं सरकत यायची, आणि मुकादम त्या वेळी हटकून काहीतरी शोधायला आतल्या खोलीत जायचा.

सासूबाई मात्र निश्चिंत आहेत. दर पंधरा दिवसांनी त्या मुलाला ट्रकमध्ये पुढं बसवून न्यायला लावतात आणि डॉक्टरीणबाईंच्या नव्या फ्लॅटवर उतरतात. सोफ्यावर बसतात, टेबलावरून बोट फिरवून धूळ बघतात. परवा त्यांनी कपाट दुसऱ्या भिंतीला घ्यायला लावलं.

"दिलेली वस्तू नीट वापरतात की नाही, बघायला नको?" त्या परतताना मुलाला म्हणाल्या. "पण चांगली बाई आहे. बोलली नाही काही. लगेच हलवलंन."